बर्फावरचा महिला गट

आज एका अशा गटाची गोष्ट सांगतो, ज्याची बैठक कुठल्या समाजमंदिरात नाही, तर उघड्या बर्फावर भरायची.

पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचा खंड आहे. आपल्या भारताच्या चौपट मोठा, आणि जवळजवळ सगळाच बर्फाखाली. हा थर सरासरी दोन किलोमीटर जाड. तिथे ना गाव, ना झाड. दक्षिण ध्रुवावर पहिला माणूस पोचला १९११ साली. बाई मात्र पोचली १९६९ साली. मधली ५८ वर्षं काय झालं? बर्फावरची ने-आण अमेरिकेच्या नौदलाच्या हातात होती आणि त्यांचं म्हणणं होतं, तिथे बायकांची सोय नाही. हे कारण आपल्याही ओळखीचं आहे, नाही का?

शेवटी नोव्हेंबर १९६९ मध्ये सहा जणी विमानाने ध्रुवावर उतरल्या. पहिलं पाऊल कुणाचं, हा वादच नको म्हणून सहाही जणी हातात हात गुंफून एकदमच खाली उतरल्या.

पण विमानाने जाणं वेगळं आणि चालत जाणं वेगळं. अ‍ॅन बँक्रॉफ्ट ही अमेरिकेतली शाळामास्तरीण. १९८६ मध्ये ती पुरुषांच्या तुकडीबरोबर कुत्र्यांच्या गाड्या घेऊन उत्तर ध्रुवावर गेली होती. पुढे तिने चार बायकांची तुकडी बांधली. अंटार्क्टिका आरपार ओलांडायचा, असा बेत होता. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. मग लहान लहान देणग्या आणि टी-शर्टची विक्री यातून पैसा उभा केला. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९९२ च्या नोव्हेंबरात चौघी निघाल्या. पायांना स्की, म्हणजे बर्फावरून घसरत चालायच्या लांब अरुंद पट्ट्या. कमरेला दोरी, आणि मागे तंबू, इंधन, शिधा भरलेली घसरगाडी. वारा समोरून, वाट चढाची. १४ जानेवारी १९९३ रोजी, ६७ दिवसांनी, सुमारे हजार किलोमीटर चालून त्या ध्रुवावर पोचल्या. स्कीवर ध्रुव गाठणारी ही पहिली महिला तुकडी.

आता खरा प्रश्न पुढे होता. अर्धी वाट उरलेली. सगळ्यांच्या तब्येती साथ देत नव्हत्या आणि परतीच्या जहाजाची वेळ जवळ येत होती. चौघींनी तिथेच थांबायचं ठरवलं. ठरवलेला पल्ला अर्धवट राहिला आणि घरी आल्यावर डोक्यावर कर्ज होतं. तरी चौघीही जिवंत परत आल्या. आम्हाला वाटतं, पुढे जाण्याइतकंच धैर्य या थांबण्याला लागलं असेल.

अ‍ॅनने नाद सोडला नाही. लिव्ह आर्नेसन ही नॉर्वेची शिक्षिका १९९४ साली एकटीच ध्रुवापर्यंत गेली होती. दोघींनी जोडी जमवली. २००० च्या नोव्हेंबरात निघून, कधी गाड्या ओढत, कधी शिडाला वारा बांधून, फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकाची भूमी पार केली. असं करणाऱ्या त्या पहिल्या बायका. पुढे समुद्रावर तरंगणारा बर्फही ओलांडायचा होता. पण वारा पडला, जहाज सुटायची वेळ झाली. त्यांनी विमान बोलावलं. पुन्हा तोच शहाणपणा.

आपल्या देशाचं नावही या इतिहासात आहे. २९ डिसेंबर २००९ रोजी वेगवेगळ्या देशांतल्या बायकांची एक तुकडी सुमारे ९०० किलोमीटर चालून ध्रुवावर पोचली. त्यात रीना कौशल धर्मशक्तू होत्या. स्कीवर दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

आम्ही गटांचं काम करतो, तेव्हा आम्हाला नेहमी विचारतात, गट किती पुढे गेला? कर्ज किती उचललं, धंदा केवढा झाला? हा प्रश्न बरोबरच आहे. पण त्यासोबत आणखी एक विचारायला हवा: पुढे जाताना कोण मागे राहिली? एखादीचा हप्ता थकला, एखादी बाळंतपणात अडकली, तर गट तिच्यासाठी वेग कमी करतो का? त्या चौघींनी केला. आठ वर्षांनी त्यांच्यातलीच एक अंटार्क्टिकाची भूमीही पार करून आली.

येत्या बैठकीत हिशेबाची वही मिटल्यावर यावर जरूर बोला.