वेशीतले वडील आणि कोकणातले मुकादम

जुन्या करारात इस्राएलाचे 'वडील' पदोपदी भेटतात; तरीही त्यांच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मोशे, दावीद, यिर्मया यांच्यावर आपण प्रवचने करतो, वडिलांवर क्वचितच. याचे कारण उघड आहे. वडिलांची नावे बहुधा नोंदलेली नाहीत. ते समूहाने येतात, बसतात, ऐकतात, साक्ष देतात आणि आपापल्या घरी जातात. तथापि राजा गेला, मंदिर जळाले, याजकवर्ग परागंदा झाला, तेव्हाही जी व्यवस्था टिकून राहिली ती हीच होय. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा विचार आम्ही दोन ठिकाणी करणार आहोत: प्रथम पवित्र शास्त्रात, आणि मग आपल्याच मराठी भूमीत, कोकणातील बेने इस्राएल समाजात.

१. वेशीतले आसन

वडील या अर्थाचा हिब्रू शब्द 'झाकेन' हा दाढी या अर्थाच्या 'झाकान' शब्दाशी निगडित आहे. पिकलेल्या वयाचा, घराण्याचा प्रमुख, असा त्याचा मूळ भाव. ही संस्था केवळ इस्राएलाची नव्हती. मिसराचे वडील याकोबाच्या अंत्ययात्रेस गेले (उत्पत्ती ५०). मवाब व मिद्यान यांचे वडील बलामाकडे गेले (गणना २२). म्हणजे ही व्यवस्था सीनाय पर्वतावर नव्याने निर्माण झाली नाही. ती गावगाड्यात आधीपासूनच होती. कराराने तिला वेगळे काम दिले, एवढेच.

हे काम नगराच्या वेशीत चाले. उत्तर इस्राएलातील दान येथील उत्खननात प्राचीन वेशीपाशी दगडी बाक सापडले आहे. आपल्याकडे चावडी किंवा पिंपळाचा पार, तशी ती जागा. बवाजाने दहा वडिलांना अशाच जागी बसवून घेतले आणि नामीच्या शेताचा व रूथच्या भवितव्याचा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला (रूथ ४). एक वृद्ध विधवा आणि एक परदेशी सून, दोघींनाही पाठीराखा नाही. वडिलांच्या साक्षीने त्यांना घर मिळाले. अनुवादाच्या पुस्तकातही वडिलांपुढे येणारी प्रकरणे अशीच आहेत: रानात सापडलेले बेवारस प्रेत, दिराने नाकारलेली विधवा. ज्याच्या वतीने बोलणारा कोणी नाही त्याचे ऐकून घेणे, हे त्या आसनाचे पहिले प्रयोजन होते.

दुसरे प्रयोजन गणना ११ मध्ये दिसते. लोकांचा भार एकट्याला पेलवत नाही, अशी मोशेने तक्रार केली, तेव्हा देवाने सत्तर वडील निवडण्यास सांगितले आणि मोशेवर असलेल्या आत्म्यातूनच त्यांना वाटा दिला. एलदाद व मेदाद हे दोघे तंबूपाशी न येता छावणीतच संदेश देऊ लागले. यहोशवाला ते रुचले नाही; मोशेला मात्र त्याचा आनंद झाला. आपला अधिकार वाटला गेला म्हणून तो कमी झाला असे त्याने मानले नाही, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनी विशेष ध्यानात घ्यावी.

परंतु शास्त्र वडिलांचे गुणगान करून थांबत नाही. इज्रेलच्या वडिलांना ईजबेलीची पत्रे आली, त्यांवर राजाची मुद्रा होती. पत्रात लिहिल्याप्रमाणे त्यांनी उपास जाहीर केला, खोटे साक्षीदार बसवले आणि नाबोथाला दगडमार करविला (१ राजे २१). ज्या प्रकारच्या बैठकीने रूथला घर दिले, त्याच प्रकारच्या बैठकीने नाबोथाचा जीव घेतला. रीत तीच, माणसेही त्याच प्रतिष्ठेची. फरक एवढाच की एका बैठकीला देवाचे भय होते, दुसरीला राजवाड्याचे. गरिबांची लूट वडिलांच्या घरात आहे, हा यशयाचा आरोपही (अध्याय ३) याच जातीचा होय.

बाबेलच्या बंदिवासात मंदिर नव्हते, राजा नव्हता. यिर्मयाने यरुशलेमेहून पत्र पाठवले ते प्रथम बंदिवासातील उरलेल्या वडिलांच्या नावे (अध्याय २९). यहेज्केलाच्या घरी येऊन बसणारे तेच. पुढे सभास्थानाची संस्था उभी राहिली तिच्यातही वडिलांना मानाचे स्थान होते. यरुशलेमेत सापडलेला थिओडोटस याचा ग्रीक शिलालेख सामान्यतः इसवी सन ७० च्या पूर्वीचा मानला जातो. नियमशास्त्राच्या वाचनासाठी आणि परगावच्या यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी बांधलेल्या सभास्थानाची त्यात नोंद आहे. त्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये वडिलांचाही उल्लेख आहे.

२. कोकणातले इस्राएल

मंदिर नाही, याजक नाही, आणि ग्रंथही हाती नाही, अशा स्थितीत इस्राएलाची एक शाखा कित्येक शतके आपल्या कोकणात राहिली. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सुंता, आहाराचे नियम, काही सण आणि 'शमा' ही श्रद्धाघोषणा एवढे त्यांच्यापाशी उरले होते. दावीद राहाबी नावाच्या यहुदी पुरुषाने त्यांना ओळखले, तीन घराण्यांतील तरुणांना धर्मशिक्षण दिले आणि त्यांना 'काजी' केले, असे परंपरा सांगते. राहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही; परंतु काजी गावोगाव फिरून सुंता व विवाह लावीत आणि तंटे मिटवीत, हे निश्चित.

काजी फिरता, तर गावात कायम राहणारा 'मुकादम'. त्याचा साहाय्यक 'चौगुला'. चार-पाच जाणत्या पुरुषांसह ते समाजाचे तंटे ऐकत. सभास्थाने झाल्यावर त्यांत खजिनदार 'गब्बाय', प्रार्थना चालवणारा 'हझान' आणि सेवक 'शमाश' यांची भर पडली.

येथे शब्दांकडे लक्ष द्यावे. गब्बाय, हझान, शमाश हे शब्द हिब्रू परंपरेतले. पण मुकादम आणि चौगुला हे मराठी गावगाड्यातले. मराठेशाहीत गावचा पाटील म्हणजेच मोकदम आणि चौगुला त्याचा मदतनीस. 'काजी' हा शब्द मुसलमानी अमलातून आला. आमच्या लालबर्रा परिसरालाही मुकादम हा शब्द परका नाही. जुन्या मध्य प्रांतात, मालगुजारी असलेल्या गावी, सरकारदरबारी गावाचा कारभारी म्हणून 'मुकद्दम' नेमला जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण नाव वृद्धांच्या तोंडी राहिले. मूळ अरबी अर्थ 'पुढे ठेवलेला'. मवाब-मिद्यानाच्या वडिलांशी समान असलेली व्यवस्था जशी इस्राएलाने कराराच्या कामी लावली, तशीच कोकणातील या समाजाने शेजाऱ्यांच्या गावगाड्यातील पदे घेऊन त्यांना शब्बाथ आणि 'शमा' यांच्या रक्षणास लावले.

या समाजाचे मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ साली बांधले गेले. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे याजक नव्हेत. ते कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी होते. पुढे अलिबागेत १८४८, पनवेलीत १८४९ आणि ठाण्यात १८७९ साली सभास्थाने झाली. शिकलेले हझान मिळू लागले तसे काजींचे महत्त्व ओसरले. येथे मिशनऱ्यांचाही संबंध येतो. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले मराठीत जुना करार वाचू लागली. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांनी त्या ज्ञानाने आपलाच धर्म दृढ केला. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. ज्या समाजाची आपली बैठक शाबूत असते, तो बाहेरून आलेली विद्या आपल्या मुळांना घालतो, हा त्यातला बोध होय.

या बैठकीची कसोटी विसाव्या शतकातही लागली. १९४८ नंतर पुष्कळ बेने इस्राएल इस्राएल राष्ट्रात गेले. तेथील प्रमुख धर्माधिकाऱ्यांनी १९६२ साली विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा दंडक घातला. पिढ्यान्‌पिढ्या मुकादम-काजींनी सांभाळलेली स्मृती पुरेशी साक्ष मानावी की नाही, हाच खरा प्रश्न होता. समाजाने सामुदायिक निषेध केला, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे मान्य केले.

३. आपल्यापुढील प्रश्न

वैनगंगेच्या खोऱ्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. जेथे धर्मगुरू अधूनमधून पोहोचतो तेथे प्रार्थना, आजाऱ्याची विचारपूस, लग्नाची बोलणी आणि भांडणाचा निवाडा कोणीतरी करीतच असतो. बहुधा तो धर्मशिक्षक असतो, नाहीतर एखादा वयस्क गृहस्थ वा आजी. प्रेषितांनी मंडळी-मंडळीत वडील नेमले (प्रेषितांची कृत्ये १४) ते अशाच परिस्थितीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आदेशात धर्मशिक्षकांचा गौरव केला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाची सेवा ही स्वतंत्र सेवापद म्हणून प्रस्थापित केली. कागदावर मान मिळाला आहे. व्यवहारात मात्र आम्ही धर्मगुरू वडीलधाऱ्यांना पुष्कळदा घंटा वाजवणे, सतरंज्या घालणे आणि वर्गणी गोळा करणे एवढ्यापुरतेच बोलावतो. १९८३ च्या धर्मविधीसंहितेनुसार धर्मग्राम परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते, हे खरे. पण सल्ला घ्यावयाचा तो ऐकण्यासाठी.

याउलट, जातीची उतरंड, जमिनीची मालकी आणि पुरुषी वर्चस्व यांनाच 'वडीलकी' म्हणून मान्यता देण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. गावगाड्यातून घेतलेले पद गावगाड्याचे दोषही घेऊन येते. दबोरा इस्राएलात न्यायनिवाडा करीत होती (शास्ते ४), हे विसरून आपल्या बैठका केवळ पागोट्यांच्या होऊ नयेत. म्हणून निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्हांस वाटते. त्याच्या किंवा तिच्यापुढे विधवा आणि परका निर्धास्तपणे बोलू शकतो काय? वरून मुद्रांकित पत्र आले, मग ते आमचेच का असेना, तर ते चुकीचे असल्यास नाकारण्याचे धैर्य आहे काय? आणि जे सांभाळायचे ते पुढील पिढीला शिकवण्याची तळमळ आहे काय?

पेत्राने वडिलांना लिहिताना स्वतःस त्यांचा सोबती वडील म्हटले आणि कळपावर धनीपण न गाजवण्याची विनंती केली (१ पेत्र ५). प्रेषिताने जी जागा स्वतःकडे घेतली ती बाकावर इतरांच्या शेजारची आहे. आम्हीही तेथेच बसण्यास शिकले पाहिजे.