ओवीच्या अलीकडची पाने

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात 'मानसोल्लास' येतो तो एका नोंदीपुरता: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर शके १०५१ मध्ये (इ.स. ११२९) लिहितो. ही नोंद गीतविनोदात आहे. तिच्या बऱ्याच अलीकडे असलेल्या 'अन्नभोग' प्रकरणाकडे मात्र आम्ही मराठीवाले वळत नाही. तेथे राजाच्या ताटातील डुकराचे मांस आहे, आणि तेही सविस्तर. वराहावर पांढरे वस्त्र टाकून वर उकळते पाणी ओतायचे, म्हणजे राठ केस सहज उपटले जातात. किंवा अंगाला माती लिंपून ते गवताच्या जाळावर जाळायचे. मग मांस निखाऱ्यावर भाजायचे, तुकडे करायचे. पुढे मीठ, मसाले, आंबट रस.

भाजलेले डुक्कर आणि त्याला आंबट जोड, ही इटालियन वाटणारी कल्पना अशी आपल्या दख्खनचीच निघते. टोमॅटो तेवढा नव्हता. तो अमेरिकेतून इटलीत सोळाव्या शतकात पोहोचला, आणि त्याच्या सॉसची कृती नेपल्समध्ये छापली गेली ती सतराव्याच्या अखेरीस. (मात्तिओलीने १५४४ मध्ये त्याला वांग्याच्या गोत्रात बसवले, आपणही त्याला 'बेलवांगी' म्हटले. अनोळखी फळाला नाव देताना दोन भाषांना एकच भाजी आठवावी, याची आम्हांला गंमत वाटते.)

कल्याणीच्या त्या राज्यात आजचा बीडचा मुलूखही होता. राजाच्या ताटातील हेच मांस पुढे गावकुसाबाहेरच्या चुलीवर हिणवले गेले, आणि त्या चुलीला ग्रंथ मिळाला नाही. मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाविषयी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले ते २०१५ मध्ये. दोन ग्रंथांत जवळपास नऊशे वर्षांचे अंतर आहे. पहिला अभ्यासक्रमात आहे, पण ओवीपुरता. आमच्या मते ही निवड निष्पाप नाही. अन्नभोग वगळून ओवी शिकवणे म्हणजे महाराष्ट्र अर्धाच वाचणे.

अन्नभोगातील हा भाग आम्ही वर्गात वाचून दाखवला. पुष्कळांनी माना खाली घातल्या. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तास संपल्यावर दाराशी थांबला आणि म्हणाला, "सर, गवतावर भाजायची रीत आमच्या वस्तीत अजून तीच आहे. माती तेवढी लावत नाहीत."