बुडीत सेकंदांची खतावणी

वीस वर्षं बँकेत काढली की माणसाला सगळीकडे जमा आणि नावेच दिसू लागतात. मला तर ती सिग्नलच्या खांबावरही दिसतात.

सिग्नलचा जन्म मुळी अपघाती. १८६८ च्या डिसेंबरात जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे सिग्नलच्या इंजिनियराने लंडनला पार्लमेंटजवळ पहिला सिग्नल उभारला. दिवसा रेल्वेसारखे हात, रात्री गॅसचे तांबडे-हिरवे दिवे. किती वेळ थांबायचं हे खालचा पोलीस ठरवी. महिन्याभरातच, १८६९ च्या जानेवारीत, गॅसचा स्फोट होऊन तो पोलीसच भाजला. पुढे वीज आली, दिवे आपोआप बदलू लागले आणि मग खरा प्रश्न आला : कुणाला किती सेकंद?

इकडे १९२२ च्या सुमारास क्राऊन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आमच्या मुलुंडची चौकटीचौकटींची आखणी केली, स्टेशनपासून थेट पाच रस्त्यापर्यंत. आखणी नामी. फक्त एकाच ठिकाणी पाच रस्ते आणून सोडले, म्हणजे पाच भावांत एकच न्हाणीघर!

या न्हाणीघराचा हिशेब १९५८ साली इंग्लंडच्या एफ. व्ही. वेब्स्टरने मांडला. दर वेळी दिवा बदलला की काही सेकंद फुकट जातात. पिवळ्यात चौक रिकामा व्हायचा असतो, आणि हिरवा लागला तरी पुढच्या रिक्षावाल्याला पानाची पिंक टाकून गिअर टाकायचा असतो. ही सेकंदं म्हणजे बुडीत खातं. वेब्स्टर म्हणतो, एका फेरीतल्या एकूण बुडीत सेकंदांची दीडपट करा, त्यात पाच मिळवा आणि चौकाची जेवढी क्षमता शिल्लक असेल तिने भागा. म्हणजे दिव्यांची एक पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी ते निघतं.

समजा, दर पाळीला चार सेकंदं बुडाली आणि वाहनांनी सत्तर टक्के क्षमता खाल्ली, तर शिल्लक तीसदशांश नव्हे, तीन दशांश. दोन पाळ्यांच्या साध्या चौकात फेरी येते ५७ सेकंदांची. पाचही रस्त्यांना वेगळी पाळी दिलीत तर ११७! त्यातली वीस सेकंदं कुणाचीच नाहीत. तासाला दहा मिनिटं चौक नुसता तोंडं बघत उभा. आमचे साहेब असते तर त्यांनी मेमोच काढला असता. फेरी लांबवली तर बुडीत कमी, पण थांबणारे चिडतात. आखडली तर बुडीत जास्त.

चिडले की मुंबईकर हॉर्न वाजवतो. त्यावर मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत झकास तोडगा जाहीर केला. काही सिग्नलांना आवाज मोजणारं यंत्र जोडलं. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न वाजवा, आणखी थांबा! सक्तव्याजाची इतकी चोख आकारणी आमच्या बँकेलाही जमलेली नाही.

पण या सगळ्या खतावणीत एक खातं मला सापडेना. वेब्स्टर मोजतो तो खोळंबा वाहनांचा. पायी चालणाऱ्यांचं काय? त्यांची सोय इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५ च्या नियमांत आहे. (ही काँग्रेस निवडणूक लढवत नाही, रस्त्यांचे नियम करते.) त्यात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलंय. अठरा मीटरचा रस्ता म्हणजे पंधरा सेकंदं.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्या गुडघ्यांनी हे नियम वाचलेले नाहीत. त्यांचा वेग बरोबर निम्मा, म्हणजे तीस सेकंदं. पंधरा सेकंदांनी ती रस्त्याच्या मधोमध असते, हातात भाजीची पिशवी, आणि दोन्ही बाजूंनी इंजिनं गुरगुरत असतात. मंदिर पलीकडे, डॉक्टर पलीकडे. हल्ली ती म्हणते, "राहू दे रे, देव काय, घरातही आहे." देवाचं जमतं. डॉक्टर कुठून आणायचा घरात?

एक तारखेला आमच्या काउंटरवर पेन्शनर येतात. थरथरत्या हाताने नोटा मोजतात, एकदा, पुन्हा एकदा. मागे रांग असते, पण कुणी हॉर्न वाजवत नाही. तो वेळ आम्ही बुडीत खात्यात घालत नाही. पाच रस्त्यावरच्या खतावणीतही तेवढी पंधरा सेकंदं म्हाताऱ्यांच्या नावे जमा करायला काय हरकत आहे?