कपाळावरून जिभेकडे

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा बैल हाकणारा शेतकरी इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या वीटकरी जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीगत नाकाची म्हणून गाजली. अपघातात जीभ तुटलेल्या माणसाला आज सर्जन नवी जीभ घडवून देतात, त्या विद्येचं मूळही याच वीटकऱ्यापाशी सापडतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

त्याची रीत पत्रात तपशिलाने दिली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेने रेघ ओढली. तेवढी कातडी सोलली, पण दोन डोळ्यांमधला पट्टा तोडला नाही. कातडी पिळून खाली वळवली. वर पाण्यात मऊ केलेला कात फासलेल्या कापडाचे पाच-सहा तुकडे एकावर एक ठेवले. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड आलं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो पट्टा कापला.

सगळं मर्म या पट्ट्यात आहे. नवी जागा कातडी धरेपर्यंत रक्त त्यातूनच पोचत होतं.

ही विद्या सुश्रुताकडून परंपरेने आली, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. पण सुश्रुत पानाने माप घेतो आणि कातडी गालाची काढतो. मग कपाळ कुठून आलं? काहीजण कांगड्याच्या नाक जोडणाऱ्या घराण्यांकडे बोट दाखवतात. त्याहून भक्कम साक्ष इटालियन प्रवासी मनुची देतो. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतलं, त्या काळच्या लढायांत नाकं कापलेल्यांना तिथले शस्त्रवैद्य भुवयांवरची कातडी खाली ओढून, पीळ देऊन नाक करत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुण्याच्या आधी शंभर वर्षं, आणि तेही दख्खनमध्येच! म्हणून कपाळाची रीत पोथीतून नव्हे, तर दख्खनच्या रणांतून, कारागिरांच्या हातांतून आली, हा तर्क जास्त पटतो. मधल्या शतकात याच मुलखात लढाया थांबल्या नव्हत्या. बीड जिल्ह्यात गोदावरीकाठी राक्षसभुवनला १७६३ मध्ये मराठे आणि निजाम भिडले. फौजांमागे हिंडणाऱ्या जखमा बांधणाऱ्यांनीच ही रीत गावोगाव नेली असावी.

पुढचं सर्वश्रुत आहे. लंडनच्या कार्प्यूने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं आणि युरोप शिकला.

खरी उडी १९६३ ची. ग्लासगोचे इयान मॅकग्रेगर यांनी कर्करोगासाठी तोंडाचा भाग काढलेल्या रुग्णांत कपाळाचीच कातडी, कानशिलाच्या धमनीसह, तोंडात आत नेली. १९७९ मध्ये एरियन यांनी छातीचा स्नायू वापरला. त्याच सुमारास चिनी सर्जननी मनगटाजवळची पातळ कातडी रक्तवाहिन्यांसकट पूर्ण सोडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या वाहिन्या दुसरीकडच्या वाहिन्यांना जोडल्या. ती आता जिभेसाठी घेतात तेव्हा जोड मानेत होतो. वीटकऱ्याचा पट्टा गेला, पण त्याचा नियम राहिला: कातडी हलवायची तर तिचं रक्तही सोबत न्यायचं.

युद्धातल्या जखमेसाठी जन्मलेली रीत अशी कर्करोगाच्या वाटेने पुन्हा जखमेकडे आली. जिभेला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून बहुतेक जखमा नुसत्या टाक्यांनी भरतात. मोठा भाग गेला तरच बाहेरची कातडी लागते. ती स्नायूंसारखी हलत नाही. उरलेली जीभच तिला ओढते. म्हणूनच टोक वळवून उच्चारायचे ट, ण, ळ रुग्णाला पुन्हा शिकावे लागतात.

बैलाच्या शिंगाने किंवा गाडीवरून पडून जीभ तुटली, तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा, डोकं पुढे झुकवा म्हणजे रक्त श्वासात जाणार नाही. तुकडा मिळाला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि पिशवी बर्फावर ठेवा. तुकड्याला थेट बर्फ लागू देऊ नका. अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. बीडच्या त्या भागात असाल तर वेळ न दवडता तिकडे निघा.