गाडीचं दुखणं ओळखणारी माणसं

आमच्या भागात ट्रकला ट्रक म्हणायची पद्धत नव्हती. बैलाची ती बैलगाडी, सरकारची ती एस.टी., आणि नुसतं 'गाडी' म्हटलं की ती मालाची. या गाडीचा इतिहास कारखान्यांच्या बाजूनं पुष्कळदा सांगितला जातो. पण साठीच्या दशकात रस्त्यावर आलेली गाडी पंचवीस-तीस वर्षं ऊस, गूळ, वीट, वाळू कशी वाहत राहिली, याचं उत्तर कारखान्याच्या फाटकात सापडत नाही. ते तालुक्याच्या गावात, नाक्यावरच्या गाडीअड्ड्यावर सापडतं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. खेडोपाडी मालवाहतूक सुरू झाली ती बरीचशी याच डिस्पोजलच्या गाड्यांवर. त्यांच्यासोबत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज आणि फार्गो आल्या. यातल्या बऱ्याच पेट्रोलवर चालत, आणि पेट्रोल परवडेना. मग जुनं इंजिन उतरवून त्या जागी सहा सिलिंडरचं पर्किन्स डिझेल इंजिन बसवायची चाल पडली. नाव फार्गोचं, काळीज पर्किन्सचं, हौदा गावच्या सुताराचा! अशा गाडीचं छापील पुस्तक कुठून मिळणार? तिचं पुस्तक मिस्त्रीच्या डोक्यात.

१९४५ साली स्थापन झालेली टेल्को आधी जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनवत होती. १९५४ साली तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि नाकावर तीन टोकांची चांदणी मिरवणारी टाटा-मर्सिडीज रस्त्यावर आली. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली, तिथं टाटांचा 'टी' आला. पुढची '१२१०' तर घरोघरी माहीत झाली. त्या आकड्यातले बारा म्हणजे मालासकट बारा टन वजन, आणि दहा म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती. आमच्याकडं शाळेचं तोंड न बघितलेला माणूसही हा हिशेब सांगायचा.

डिझेल इंजिन शेतकऱ्याला परकं नव्हतं. विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन आधीच धडधडत होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ फिरत होते, ओतकामाच्या भट्ट्या पेटत होत्या. मोडलेला भाग घेऊन सकाळी एस.टी.नं जायचं आणि संध्याकाळी नवा करून आणायचा. विहिरीवरचं एक सिलिंडरचं इंजिन खोलायला शिकलेला पोरगा पुढं सहा सिलिंडरच्या गाडीला हात घालायचा. आमच्याकडची मिस्त्रींची पहिली पिढी अशी विहिरीवरनं नाक्यावर आली.

आणि गरज होती उसाची. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग एकामागून एक कारखाने निघाले. तोडलेला ऊस थांबत नाही. चोवीस तासांच्या आत तो गाळला गेला पाहिजे. पुढं तास गेले की तो वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. आणि पैसे मिळतात ते काट्यावरच्या वजनाचे. म्हणजे गाडी वाटेत बसली की मालकाचं भाडं बुडतंच, पण शेतकऱ्याचा ऊसही उभ्या जागी हलका होत जातो. वर्षाची सगळी कमाई त्या हौद्यात असते. म्हणून गाडी दुरुस्त करणं हे एकट्या मालकाचं काम नव्हतं, त्यात अख्ख्या गावाचा जीव अडकलेला असे.

मिस्त्रीची तपासणी वैद्यासारखी. आधी धूर बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी शिरलंय. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. एखादा सिलिंडर मार खात असेल, तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या नळीचं नट थोडं सैल करायचं. आवाज पडला तर तो सिलिंडर धडधाकट. सैल करूनही आवाज बदलला नाही, तर चोर तोच.

जुन्या बॉनेटच्या गाड्यांत थंडीत इंजिन चालू व्हावं म्हणून सहा हीटर प्लग असत, दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकाच ओळीत जोडलेले. एक जळाला की सगळे गार. समोरच्या पट्टीवरची तार लाल झाली नाही की समजायचं. मग पेचकसानं एकेका प्लगची दोन टोकं जोडत जायचं. ज्याला जोडल्यावर तार लाल होते, तो मेलेला. ना मीटर, ना दिवा. एक पेचकस आणि जरा सबुरी.

एका हंगामातली जानेवारीतली रात्र मला चांगली आठवते. ऊस भरलेली गाडी कारखान्याच्या अलीकडं चार मैलांवर बंद पडली. आमचाच ऊस, म्हणून वडिलांबरोबर मी गेलो होतो. ड्रायव्हरमामांनी फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारला. आधी फेस, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. गाडी चालू झाली आणि फर्लांगभर जाऊन पुन्हा थांबली. तेवढ्यात मागून आलेल्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. एक म्हातारे ड्रायव्हर उतरले.

"काय झालंया?"

"हवा घेतीया, आण्णा. कुठनं घेतीया ती घावंना."

आण्णांनी नळीच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, एका जोडाशी थांबले. तिथला तांब्याचा वॉशर दबून कडक झाला होता. नवा कुणाकडंच नव्हता. त्यांनी आपल्या गाडीतला भाकरीचा स्टोव्ह काढला, लांब बांधाच्या आड नेऊन पेटवला, वॉशर लालभडक केला आणि पाण्यात टाकला.

"बघ पोरा, लोखंड तापवून पाण्यात टाकलं की कडक हुतं. तांबं मऊ पडतं."

वॉशर बसवला, गाडी कारखान्यावर पोचली. पैशाचं नावही कुणी काढलं नाही. बंद गाडी दिसली की थांबायचं, हा रस्त्याचा कायदा होता. आज त्याची, उद्या आपली.

खंडेनवमीला अड्ड्यावर पाने, टाम्या, जॅक धुऊनपुसून मांडत, हळदकुंकू लावत. त्या दिवशी जुन्या गाड्यांचे शौकीन ड्रायव्हर आणि मिस्त्री तासन् तास बोलत बसत. कुठल्या गाडीचा बुश कुठल्या गाडीला चालतो, पाटा का तुटतो, घाट उतरताना कुठला गिअर धरायचा. पोरं ऐकून शहाणी व्हायची. पण याला सोन्याचा मुलामा चढवायला नको. मिस्त्रींचे कान लवकर गेले. हाताखालच्या पोरांना पगार कमी आणि शिव्या जास्त. क्षमतेबाहेर भरलेल्या गाड्या घाटात उलटल्या, माणसं गेली. 'चालतंय की' म्हणत ब्रेकचं काम पुढं ढकलणाराही याच अड्ड्यावरचा.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम आले. नव्या गाडीचं डिझेल संगणक मोजून देतो, आणि दुखणं शोधायला तिला यंत्र जोडावं लागतं. धूर कमी झाला हे चांगलंच झालं. तो धूर सर्वांत जास्त मिस्त्रींनीच खाल्ला होता. आता ऊसही बराचसा ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जातो. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या. काहींनी मात्र एखादी बॉनेटची गाडी हौसेनं दारात ठेवली आहे, आणि तिच्या सुट्या भागांसाठी ती माणसं अजून एकमेकांना शोधत येतात.

गाडी भंगारात गेली तरी लोखंड वितळून पुन्हा कामाला येतं. मिस्त्रीच्या बोटातली ओळख तशी येत नाही. ती कुणी कधी लिहून घेतली नाही, कारण ती विद्या आहे असं कुणाला वाटलंच नाही. नाक्यावर अजून दोन-चार म्हातारे मिस्त्री बसलेले असतात. त्यांच्याशेजारी वही घेऊन बसायला हवं, आणि ते लवकर व्हायला हवं.