हॉकी स्टिक आणि घरचा हिशेब

स्मरणिका समितीने ‘शाळेच्या हॉकीचा इतिहास’ लिहायला सांगितला, तेव्हा मी जिंकलेल्या ढालींची यादी करायला बसलो. ती अर्ध्या पानात संपली. एक साल आठवेना म्हणून ताईला फोन केला, आणि खरा इतिहास तिथे निघाला.

खडकीत हॉकी शाळेने आणली नव्हती. छावणी, दारूगोळा कारखाना आणि कामगार वसाहती यांतून ती शाळेत आली. मोठ्या मुलांनी टाकून दिलेल्या स्टिका आम्ही उचलायचो. तुतीचं लाकूड चिरलं की सुतळी करकचून गुंडाळायची, की आणखी एक मोसम निघायचा. धनराज पिल्लेही याच वसाहतींतला, असाच तुटक्या स्टिकांवर शिकलेला. आपल्या पिढीचा म्हणून त्याचं कौतुक जास्तच.

खेळ मात्र आमच्या मैदानापासून दूर चालला होता. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि भारत सातवा आला. आम्ही मुरमावरच. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला होता, आठवतं? पाकिस्तानकडून १-७. दुसऱ्या दिवशी सर वर्गात त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. मैदानावर एवढंच म्हणाले, “पोरांनो, गवतावर चेंडू उसळत नाही, पळतो.” ते गवत आमच्यापैकी कुणी हाताने शिवलंही नव्हतं.

दहावीनंतर पुढे खेळायचं तर वाटा मोजक्या : रेल्वे, लष्कर, बँका किंवा मुंबईच्या कंपन्यांचे संघ. खेळाडू म्हणून नोकरी लागली तर खेळ टिकायचा. पण तिथवर पोचेपर्यंत पोराला कुणी पोसायचं? धनराजचा थोरला भाऊ रमेश आधी मुंबईत आरसीएफकडून खेळत होता, मग धनराज तिकडे गेला आणि महिंद्राच्या संघात तयार झाला. पुढे चार ऑलिंपिक. पुढे गेलेला भाऊ असणं ही केवढी मोठी सोय, हे मला फार उशिरा कळलं.

१९८५च्या मे महिन्यात मुंबईच्या एका संघाच्या निवड चाचणीला आम्हा दोघांना बोलावणं आलं. आठ दिवस राहायचं, खर्च आपला. आपला लेफ्ट आउट माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता, हे तुम्ही सगळे मान्य कराल. पण त्याची पहाटेची दुधाची लाइन होती. आठ दिवस खाडा केला असता तर ती दुसऱ्याला गेली असती, आणि घर तिच्यावरच चालत होतं. तो गेला नाही. मी नवी स्टिक घेऊन गेलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो.

पैसे दादांच्या बोनसमधून आले, असं मी चाळीस वर्षं समजत होतो. परवा ताई सहज म्हणाली, “बोनस कुठला रे मे महिन्यात? माझी टायपिंगची फी होती ती.” तिची तीसची परीक्षा झाली होती, चाळीसची राहिली ती राहिलीच. त्यानंतर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. माझा डिप्लोमाही त्याच घरातून झाला. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

१९९६मध्ये पुण्यात क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. राहणं, जेवण, प्रशिक्षण सरकारकडून. फलटण तालुक्यातल्या आसूसारख्या गावातली वैष्णवी फाळके तिथूनच भारतीय संघापर्यंत गेली. घरच्यांचा त्याग तिथेही असणारच, कोवळ्या वयात मुलगी वसतिगृहात ठेवायची म्हणजे काय! तरी बहिणीच्या फीला हात लावावा लागत नसेल, एवढं मला वाटतं. आपल्या लेफ्ट आउटला ही सोय दहा-बारा वर्षं आधी मिळाली असती तर, हा विचार मी त्याच्यासमोर कधी बोललेलो नाही.

संमेलनाला ताईला घेऊन येतोय. लेखात तिचं नाव घालू का, असं विचारलं. नको म्हणाली.