जुना डेस्कटॉप: सुधारून वापरावा की नवा घ्यावा?

संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, एक्सेलची फाइल उघडताना सगळे अडकून बसते आणि दुकानदार म्हणतो, “आता नवाच घ्या.” हा सल्ला अनेकदा घाईचा असतो. दुसरीकडे, दहा वर्षांच्या यंत्रावर दरवर्षी थोडे थोडे पैसे घालत राहणेही महागात पडते. निर्णय तीन प्रश्नांवर ठरतो. संगणक नेमका कशामुळे अडतो? त्यातला प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे? आणि आज विकत घेतलेला भाग उद्या नव्या संगणकात वापरता येईल का?

आधी दुखणे शोधा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. नेहमीचे काम चालू असतानाच हे आकडे पाहा.

- डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांजवळ आणि सीपीयू निवांत असेल, तर अडथळा हार्ड डिस्कचा आहे.
- मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडते. रॅम भरली की विंडोज डिस्कचाच रॅमसारखा वापर करते. म्हणून दोन्ही आकडे एकदम वर गेले, तर दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते.
- सीपीयू सतत १०० टक्क्यांवर असेल, तर आधी पंख्यातली धूळ काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

संगणकाची तारीख दरवेळी मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरची ‘सीआर २०३२’ ही नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते. ती अगदी स्वस्तात मिळते. तेवढ्यावरून संगणक मोडीत काढू नका.

सर्वाधिक फरक पाडणारा बदल

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, डेस्कटॉपमध्ये बहुतेकदा मिनिटाला ७,२०० फेरे. प्रत्येक लहान फाइलसाठी वाचणारे टोक योग्य जागी सरकावे लागते, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचल्या जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. सलग वाचनात साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० एमबी देते, तर हार्ड डिस्क साधारण १०० ते २००. लहान फाइलींच्या बाबतीत हे अंतर कितीतरी पटींनी वाढते. म्हणून दहा वर्षांचा संगणकही एसएसडी बसवल्यावर वेगळाच वाटतो.

रॅमचे गणित निराळे आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या बोर्डात बसत नाही. कार्यालयीन कामासाठी ८ जीबी पुरते, बरीच कामे एकदम चालत असतील तर १६ जीबी. मात्र ३२ बिटांची विंडोज असेल, तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम टाकून उपयोग नाही. आधी ६४ बिटांची विंडोज टाकावी लागते.

खरी सीमारेषा: प्रोसेसरची पिढी

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षेची सोय दिली गेली, पण ती तात्पुरती आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एएमडी रायझनमध्ये काही अपवाद सोडता २००० मालिका आणि त्यापुढचे चालतात. शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट हवे.

पिढी नावावरून कळते. ‘कोअर आय५-४५९०’ हा चौथ्या पिढीचा, ‘कोअर आय५-८४००’ आठव्या, तर ‘कोअर आय५-१०४००’ दहाव्या पिढीचा.

आय५-८४०० असलेल्या संगणकावर “विंडोज ११ चालणार नाही” असा संदेश आला, तर लगेच हार मानू नका. अशा बोर्डांत टीपीएम बहुधा असतेच, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू करायला पैसे लागत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ नेमके काय कमी आहे ते सांगते. असा संगणक एसएसडी आणि जादा रॅम घालून आणखी काही वर्षे सहज चालेल.

आय५-४५९० चे तसे नाही. तो आजही टायपिंग आणि ब्राउझिंग करू शकतो, पण विंडोज ११ च्या यादीत नाही. पळवाटेने ती टाकता येते. मात्र पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तिथे हा धोका पत्करू नये. नुसते इंटरनेट आणि लिखाण असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत मिळते आणि त्यात युनिकोड मराठी टायपिंगही होते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. टॅली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा हार्डवेअर लॉक असलेले जुने टाइपसेटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ते तिथे चालेल असे गृहीत धरू नका.

पैसे कुठे घालावेत

सीमारेषेच्या अलीकडच्या संगणकासाठी एक साधा नियम पाळा: जे पुढच्या संगणकात नेता येईल त्यावरच खर्च करा. एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस सोबत येतात. डीडीआर३ रॅम किंवा जुन्या सॉकेटचा प्रोसेसर येत नाही.

मदरबोर्ड गेला असेल, तर हिशेब बहुतेकदा तिथेच संपतो. नव्या बोर्डाला नवा प्रोसेसर आणि नवी रॅम लागते, म्हणजे तो नवा संगणकच झाला. कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये बोर्डाचा आकार आणि एसएमपीएसची जोडणी अनेकदा वेगळी असते, त्यामुळे बाजारातला कोणताही भाग बसेलच असे नाही. एकूण खर्च नव्याच्या किमतीच्या एक-तृतीयांशाच्या पुढे जात असेल, तर हात आवरता घ्या.

नवा परवडत नसेल, तर कार्यालयांतून निघालेले नूतनीकृत डेस्कटॉप पाहा. मात्र आठव्या पिढीच्या अलीकडचा, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका. लेखी वॉरंटी मागा.

बदलण्यापूर्वी

जुन्या प्रिंटरचे आणि सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतात का ते आधीच तपासा. सगळ्या फाइली दोन ठिकाणी उतरवून घ्या. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल, तर यूएसबी केसमध्ये घालून एक प्रत तिच्यावर ठेवता येईल. डिस्क देऊन टाकणार असाल, तर झटपट फॉरमॅट पुरेसे नाही. त्यानंतरही फाइली परत मिळवता येतात. पूर्ण डिस्क पुसणारे सॉफ्टवेअर वापरा. उरलेले यंत्र भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. मदरबोर्डच्या डाखात शिसे असू शकते, आणि उघड्यावर ते जाळले गेले तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी आरोग्याला मोजावी लागते.